कॉलरच्या आतली हळद

आमची पवनारला धाम नदीच्या काठी थोडी वावरं आहेत. वांगी, टमाटर, कोथिंबीर, आणि सकाळी माल वर्ध्याच्या बाजारात. टमाटरांचं कॅरेट भरताना वरच्या थराला लालचुटूक माल लावायचा आणि दबलेला खाली घालायचा, हे मी लहानपणी घरातच पाहिलं आणि पुढे स्वतःही केलं. त्यामुळे कुठलीही गोष्ट समोर आली की माझा हात आपोआप खालच्या थराकडे जातो. बायको म्हणते, मी देवाचा प्रसादसुद्धा उलटा करून बघतो. बघतो, खोटं कशाला सांगू.

अशा माणसाच्या घरात एक दिवस खोक्यातून परक्यांचे कपडे आले.

मुलगा वर्ध्याला एका खाजगी कंपनीत आहे. लोकांच्या भेटी घ्याव्या लागतात, रोज टापटीप राहावं लागतं. त्याने मोबाइलवर कसलीशी वर्गणी सुरू केली होती. दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची, मग नागपूरहून खोकं येतं. त्यात शर्ट, पँट, कधी कोट. हवे तितके दिवस घालायचे, मन भरलं की परत पाठवायचे, दुसरे येतात.

"म्हंजे हे कपडे आपले नाईत?" मी विचारलं.

"आपल्याजवळ आहेत तोवर आपलेच, बाबा."

"आन् आपल्या आधी कोनाजवळ होते?"

"असतीन कोनाजवळ तरी. धुऊन येतात ते."

हे 'कोनाजवळ तरी' माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलं. तो कोण होता, त्याला खरूज नसेल कशावरून? आमच्याकडे मेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत, देऊन टाकतात. ते पुढे कुठे जातात, हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता. मी शर्ट नाकाला लावला. गुळमट वास आला. मुद्दाम मारलेला वास म्हणजे त्याच्याखाली दुसरा वास असणारच. खिसे उलटे केले, शिवणी तपासल्या. काहीच सापडलं नाही आणि माझा संशय आणखी वाढला.

बायकोची तऱ्हा निराळी. आमच्याकडे नवा कपडा अंगात घालण्याआधी त्याच्या एखाद्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावतात. तिने खोक्यातून निघालेल्या प्रत्येक कपड्याला कॉलरच्या आत ते बोट लावायला सुरुवात केली.

"अवं, हे नवं कुठं आहे? दहा जनाईनं घातलं असन," मी म्हणालो.

"माह्या पोराच्या अंगाले तर पयल्यांदाच लागून राह्यलं ना," ती म्हणाली.

कंपनीचं म्हणणं, कपडे न धुता परत पाठवा. हे ऐकून तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घामाचा शर्ट परक्याच्या हाती कसा द्यायचा? ती मुलाच्या नकळत शर्ट धुऊन, वाळवून घडी घालायची. कुंकू निघून जायचं, हळदीचा डाग राहायचा. एकदा निळा कोट आला, त्याचं आतलं बटन लोंबत होतं. घरात निळा दोरा नव्हता. तिने ब्लाउजच्या पोपटी दोऱ्याने ते पक्कं केलं. त्याच कोटात मुलगा आर्वीकडे मुलगी पाहायला गेला. मुलीच्या वडिलांनी बाहीवरून हात फिरवून कापडाची तारीफ केली, सोयरीक जमली आणि कोट नागपूरला परत गेला.

आमच्या मुलीचं लग्न मात्र माझ्यामुळे अडलं होतं. एका मुलाची मोटारसायकल मामेभावाची निघाली, मी नाही म्हणालो. दुसऱ्याच्या घरचा फ्रीज उघडून पाहिला तर तो बंद, आत गव्हाच्या पिशव्या. तिथूनही उठून आलो. त्यानंतर तळेगावकडच्या एका मुलाशी बोलणं सुरू झालं. तो नोकरीला नागपूरला होता. दोघं आधी फोनवर बोलायची, आणि बोलणं झालं की मुलगी घरभर गुणगुणत फिरायची. इतकं खुश मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, हे शेवटचे. याले वापस पाठवलं तर मी पुन्हा कोनापुढं बसनार नाई."

ती बोलते तसं करते, हे मला माहीत आहे. पण म्हणून तपासायचं सोडायचं, हे काही मनाला पटेना.

तळेगावकडचा तो मुलगा आला, सोबत त्याचे वडील आणि काका. एप्रिलचं ऊन, आणि पठ्ठ्या निळा कोट घालून. वर्ध्याच्या उन्हात कोट घालून येणारा माणूस काहीतरी झाकतो आहे, हे मी तो फाटकातून आत येतानाच ठरवून टाकलं. थोड्या वेळाने लाइन गेली, कूलर बंद पडला. पोराच्या कानामागून घामाच्या धारा लागल्या.

"कोट काहाडून ठेवा जी, घरच्यावानी बसा," बायको म्हणाली.

मी लगेच हात पुढे केला. कोट घेऊन आतल्या खोलीत खुंटीवर अडकवला आणि सवयीने कॉलर उलटी केली. लेबलच्या खाली हळदीचा फिकट डाग होता. आतलं बटन पाहिलं. पोपटी दोरा.

मला आनंद झाला. खालचा थर सापडला होता. तेवढ्यात माझा मुलगा मागून आला.

"काय करून राह्यले, बाबा?"

मी दोरा दाखवला. त्याने ओळखला.

"मंग? मी नाई घालून गेलतो हाच कोट?"

"तुही गोष्ट वेगळी."

"काऊन वेगळी?"

तो माझा मुलगा होता म्हणून वेगळी, एवढंच. मी बाहेर येऊन बसलो आणि गोड आवाजात पाहुण्या मुलाला विचारलं, "कोट मस्त आहे. कुठं शिवला?" 'शिवला' हे मुद्दाम म्हटलं. खोटं बोलायला सोपं जावं म्हणून.

त्याच्या वडिलांनीच उत्तर दिलं. "नागपूरचा आहे जी. नवा घेतला त्यानं, खास यासाठी." त्यांची मान ताठ झाली होती.

"नाई बाबा," पाहुणा मुलगा वडिलांना म्हणाला. "भाड्याचा आहे. महिन्याचे पैसे भरतो, कंपनी कपडे पाठोते. तुमाले सांगतलं नवतं मी."

वडिलांचा चेहरा उतरला. काका बंद कूलरकडे पाहत बसले. दारात मुलगी पन्ह्याचा ट्रे घेऊन उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. मी नुसतं "हं" केलं. नकाराला एवढं कारण मला एरवी पुरलं असतं.

तेवढ्यात बायको आतून तो कोटच घेऊन बाहेर आली.

"यात लपवाचं काय आहे जी? हा कोट आमच्या घरी राहून गेला. हे बटन म्याच लावलं," ती म्हणाली. "मघा पानी देतानाच वयखला होता. आमची हळद लागूनच आला पोरगा."

मुलाचे वडील आधी बटनाकडे, मग हळदीच्या डागाकडे पाहत राहिले आणि हसायला लागले. मग काका हसले. मुलगीही हसली. मला तेवढं जमलं नाही. मी "कळवतो" म्हणालो. पाहुणे पन्हं पिऊन गेले.

पण माझं मन निवलं नव्हतं. खरं बोलला, हे ठीक. पण मी कॉलर उलटी करताना त्याने पाहिलं असलं तर? आता पकडले गेलोच आहोत तर बोलून टाकू, असा हिशोब असला तर? मी तो बसला होता त्या खुर्चीवर जाऊन बसलो. मान जरा वळवली. आतल्या खोलीची खुंटी अर्धी दिसत होती, अर्धी दाराआड. मी पुढे सरकून पाहिलं, मागे रेलून पाहिलं.

मुलगी ग्लास गोळा करायला आली होती. ती माझ्याकडे बघत थांबली.

"काय पाहून राह्यले, बाबा?"

"काई नाई."

तिने खुंटीकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. तिला सगळं कळलं.

"तो खोटं बोलला असता तर तुमाले बरं वाटलं असतं ना?"

"नाई," मी म्हणालो.

मी लोकांकडे बघतो तशी ती माझ्याकडे बघत राहिली. माझा एक शब्दही तिला खरा वाटला नव्हता, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. मी खुर्चीवरून उठलो आणि होकार कळवायला फोन शोधू लागलो.