धिक्कार टोमॅटो

रत्नागिरीत माझ्या घरमालकीणबाईंइतकी तत्त्वशून्य बाई दुसरी नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करते आहे. तत्त्वांतलं मला थोडंफार कळतं. मी पत्रकं लिहिते, छापून घेते, नाक्यानाक्यावर उभी राहून वाटते आणि पुढच्या वळणावर ती गटारात पडलेली बघते. मूळची मी घाटावरची. कामासाठी इथे आले आणि काकूंच्या मागच्या खोलीत राहिले. पहिल्या दिवशी घरमालकीण काय विचारते? लग्न झालंय का, मासे चालतात का, रात्री किती वाजता येणार. काकूंनी यातलं काहीच विचारलं नाही. सामानाकडे बघत म्हणाल्या, "तुमच्याकडची मिरची कसली?" मी म्हटलं, तिखट. "तिखट कुणाची नसते गो? बी आणलंस?" नव्हतं आणलं. "घाटावरून आली आणि मोकळ्या हातांनी आली," असं त्या शेजारच्या घराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या आणि मग मला किल्ली दिली.

काकूंच्या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांतून, फुटक्या माठांतून आणि एका निकामी वॉशिंग मशीनच्या पिंपातून टोमॅटो आणि मिरच्या उभ्या असतात. त्यांचं बी त्या शहरभरच्या बायकांशी अदलाबदल करतात. विकत काही घेत नाहीत, विकत नाहीत. मला वाटलं, वा! बियाण्यांच्या बाजारीकरणाविरुद्ध उभी राहिलेली एक स्वयंभू कार्यकर्ती! मी भारावून त्यांना सांगितलं की बियाणं ही समाजाची सामायिक मालमत्ता आहे. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "सामायिक ना? मग तुझ्याकडचं काय आहे ते काढ." त्यांचा एकच नियम होता, बदल्यात काहीतरी दिल्याशिवाय बी मिळणार नाही. पोस्टमनला नाही, डॉक्टरांना नाही, सख्ख्या सुनेलाही नाही. सून डोंबिवलीहून आली की कुणाच्या तरी सोसायटीतल्या कुंडीतली चार बिया रुमालात बांधून आणते, तेव्हा कुठे तिला मिरचीचं बी मिळतं.

हा नियम सोडला तर बाईंना कसलाही धरबंध नाही. खेडला एका लग्नात पाठवणीच्या वेळी काकू रुमाल तोंडाला लावून होत्या. नवरीच्या आईला इतकं भरून आलं की तिने काकूंना मिठी मारली. काकूंच्या रुमालात पंगतीतल्या कोशिंबिरीचा टोमॅटो होता आणि मिठीत तो चिरडला. परतीच्या वाटेवर त्या मला म्हणाल्या, "बी वाचलं हां." मिरचीच्या बाबतीत तर सरळसरळ फसवणूक चालते. ज्या बाईने काकूंच्या सोलकढीला पाणचट म्हटलं, तिला त्यांनी भज्यांची मिरची म्हणून जहाल लवंगी मिरचीचं बी दिलं. चार महिने धीर धरून सूड घेणारी व्यक्ती मी प्रथमच पाहिली. त्या घरी पाहुण्यांना भजी वाढली गेल्याचं कळलं तेव्हा मी काकूंना जाब विचारला. "मी भज्यांची म्हटलं," त्या म्हणाल्या, "खायची म्हटलं का?"

पण मला खरा धक्का बसला तो एका संध्याकाळी. मी घरी आले तर स्वयंपाकघरात जमिनीवर माझी गुलाबी पत्रकं ओळीने अंथरलेली आणि काकू त्यांच्यावर पिकलेले टोमॅटो पिळत बसलेल्या. ती पत्रकं आमच्या आळीतलं जुनं तळं बुजवून पार्किंग करायला निघालेल्या एका पुढाऱ्याविरुद्ध होती. नाव इथे देत नाही. पत्रकात दिलं होतं, ठळक टाइपात. काकूंची पद्धत अशी की टोमॅटोचा गर कागदावर पसरायचा, बी कागदाला चिकटून वाळतं, मग हवा तेवढा तुकडा फाडून द्यायचा आणि घेणाऱ्याने तो कागदासकट मातीत पुरायचा. आजवर वर्तमानपत्र वापरत होत्या. माझं पत्रक जाड निघालं.

"काकू, ही लोकांपर्यंत पोचायची होती!" माझा आवाज चढला.

"मग पोचतील की. तू नुसती देतेस ती वाटेत टाकतात. बी लावलेली घरात नेतात."

"फाडून? अर्धं वाक्य एकीकडे, अर्धं दुसरीकडे?"

"अख्खं कोण वाचतं गो?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. पुढच्या हंगामात दारात बायका येऊ लागल्या आणि माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. "काकू, जाहीर निषेध शिल्लक आहे का? लहान असतात पण काय लागतात!" "मला यंदा जाब विचारा नको हां, त्याला कीड फार." तुकड्यावर जो शब्द आला, ते त्या टोमॅटोचं नाव होऊन बसलं. ज्या शब्दांसाठी मी उन्हात घसा फोडला, ते शब्द आता आमटीत पडत होते. यातला चपटा, कडेला चुण्या असलेला, भयंकर आंबट टोमॅटो होता त्याचं नाव पडलं धिक्कार.

काकू मात्र त्याला जुबेदाचा टोमॅटो म्हणायच्या. जुबेदाबी हर्णैच्या. खेडच्या स्टँडवर दोघींची गाडी एकाच दिवशी चुकली, तिथली ही ओळख. त्यानंतर दोघी फारशा भेटल्याच नाहीत. काकू दापोलीच्या गाडीत कंडक्टरजवळ बियांची पुडी द्यायच्या, ती पुढे हर्णैला जायची, आणि उलट टपाली सोडे आणि दुसरं बी यायचं. दोन्ही एकाच कागदात, त्यामुळे काकूंच्या डब्यातल्या अर्ध्या बियांना सुक्या मासळीचा वास होता. मागच्या पावसाळ्यात जुबेदाबी गेल्या. काकूंनी बातमी ऐकली, बरं म्हणाल्या आणि मिरचीला पाणी घालायला वर गेल्या. मी त्यांच्या कोरडेपणाचाही मनातल्या मनात निषेध केला.

मग फेब्रुवारीत वांदर आले. गच्चीवर एक टोमॅटो ठेवला नाही, झाडं उपटून बादल्या उलथ्या केल्या. काकू वांदरांना एरवी त्यांच्या कुळासकट शिव्या घालतात. त्या दिवशी एका उलट्या बादलीवर बसून राहिल्या, आणि ती शांतता ऐकून मीच घाबरले. शिल्लक बी ठेवायची त्यांना सवय नव्हती. पेरून उरलं की सगळं वाटून मोकळ्या व्हायच्या. डबा रिकामा होता.

"बाकीचं मिळेल गो कुठे ना कुठे," त्या म्हणाल्या. "जुबेदाचा गेला." आणि मग उपटलेलं एक रोप हातात घेऊन, "ती गेली तेव्हा मी रडले नाय. म्हटलं, टोमॅटो आहे."

दुसऱ्या दिवशी मी बाहेर पडले. ज्या दारांनी माझी पत्रकं घेतली नव्हती तीच सगळी दारं मी वाजवली आणि विचारलं, तुमच्याकडे धिक्कार आहे का? आश्चर्य म्हणजे सगळ्यांनी आत बोलावलं, कोकम सरबत दिलं, गच्च्या दाखवल्या. बी कुणाकडेच नव्हतं. कुणाचं वांदरांनी नेलं होतं, कुणी फळ खाऊन टाकलं होतं, बी धरायचं राहिलं होतं. संध्याकाळी मी काकूंना सांगितलं. त्यांनी पदराचं टोक दोनदा पिळलं.

"एक घर राहिलं. पण तू चिडशील."

"कुणाचं?"

त्यांनी नाव सांगितलं. तेच. ठळक टाइपातलं. या बाईंनी माझ्या पत्रकाचा तुकडा ज्याच्याविरुद्ध ते काढलं त्याच्याच बायकोला दिला होता, बदल्यात ढोबळी मिरचीचं बी घेऊन! मी विचारलं, तुम्हाला काही वाटलं नाही? "वाटलं ना," काकू म्हणाल्या. "ढोबळी चांगली आली."

मी गेले. आयुष्यात त्या फाटकातून घोषणा न देता मी प्रथमच आत शिरले. पुढारी झोपाळ्यावर बसले होते.

"काय ताई, आज मोर्चात एकट्याच?"

"टोमॅटो हवाय," मी म्हटलं.

"मारायला की खायला?"

"पेरायला."

त्यांनी आत बायकोला हाक मारली. हाक ऐकून वहिनी बाहेर आल्या, सगळं ऐकलं आणि स्वयंपाकघरातून एक चहाचा डबा घेऊन आल्या. आत गुलाबी तुकडा होता. त्यावर धिक्कार, खाली त्यांच्या यजमानांचं नाव आणि नावावर वाळलेलं बी.

"घरी आणल्यावर वाचलं, तेव्हाच फाडणार होते," त्या हळूच म्हणाल्या. "पण बी चिकटलेलं. बी कसं टाकायचं?"

मी हात पुढे केला. त्यांनी डबा मागे घेतला. "बदल्यात काय? काकूंचा नियम आहे."

माझ्याकडे काय असणार? वहिनींनी तुकड्याच्या फाटक्या कडेवर बोट ठेवलं. "इथे तळ्याचं सुरू होतं आणि कागद संपतो. मी त्या तळ्यात पोहायला शिकले. पुढे काय लिहिलंय? अख्खं एक आण."

माझं अख्खं पत्रक आजपर्यंत कुणीही, अगदी कुणीही मागितलं नव्हतं. आणि द्यायला माझ्याकडे एकही नव्हतं, काकूंनी सगळी टोमॅटोखाली घातली होती. मग मी त्यांच्याच पडवीत बसून ते हाताने लिहून काढलं. छापताना जाणवलं होतं त्यापेक्षा ते फार लांब निघालं. नावाशी आले तेव्हा पुढारी समोर झोपाळ्यावरून माझ्या पेनाकडे बघत होते. मी लिहिलं. वहिनींनी सगळं वाचलं, घडी केली, कमरेला खोचली आणि डबा माझ्या हातात दिला. त्यातलं निम्मं बी तेवढं स्वतःला ठेवलं.

तळ्याचा निकाल अजून लागलेला नाही. टोमॅटोचा लागला. काकूंनी भर उन्हात जुन्या साडीची सावली करून रोपं जगवली, आणि मे सरता सरता एका झाडाला एकच फळ धरलं. चपटं, चुण्यांचं. ते खायचा प्रश्नच नव्हता. काकूंनी ते पत्रकावर पिळलं. हल्ली मी पत्रकं एकाच बाजूने छापते, मागची कोरी ठेवते. बी वाळल्यावर त्यांनी एक तुकडा फाडून डब्यात टाकला. दुसरा फाडला, सवयीने पुडी बांधली आणि मला म्हणाल्या, "जा गो, दापोलीच्या गाडीत..."

मग थांबल्या. पुडी नाकाशी नेली. तिला फक्त टोमॅटोचा वास होता.

ती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटली.

मी म्हटलं, "काकू, माझ्याकडे बदल्यात द्यायला काही नाही."

"असूं दे," त्या म्हणाल्या आणि मिरचीला पाणी घालायला वर गेल्या.