दात कशाने घासता?

डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, ‘ताई, दात कशाने घासता?’

मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि ह्यांना माझ्या दातांची पडलीये.

‘मशेरीने,’ मी म्हटलं. ‘का हो?’

मॅडम अलिबागकडच्या. त्यांना मशेरी काय ते समजावून सांगायची गरज नव्हती. त्या म्हणाल्या, ‘तंबाखू भाजून कुटली तरी ती तंबाखूच राहते, ताई.’ मग त्यांनी रिपोर्टमधले शब्द वाचले. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. म्हणजे तोंडाच्या आतल्या नाजूक अस्तरात सुरू होणारा कॅन्सर. माझ्या उजव्या गालात.

शेजारच्या खुर्चीत आमचे हे बसले होते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेन चालवणारा माणूस, टनावारी लोखंड डोक्यावरून फिरतं तरी पापणी हलत नाही. ते उठले आणि पुन्हा बसले. मी मात्र एकच गोष्ट घोकत होते. पण मी तर तंबाखू खात नाही. पण मी तर तंबाखू खातच नाही.

आणि हे मी खोटं बोलत नव्हते, हे तुम्हाला आधी सांगते. माझं माहेर जासईचं. आमच्या घरी आय चुलीवर खापरीत तंबाखूची पानं भाजायची, सगळ्या घरात ठसका उठायचा. मग ती कुटून डबीत. ती डबी मोरीत, साबणाच्या शेजारी. खाण्याच्या वस्तू स्वयंपाकघरात, तंबाखू बाप्यांच्या खिशात, आणि मशेरी मोरीत. दाढ दुखली म्हणून लहानपणी आयने माझ्या हिरडीला पहिल्यांदा लावली, तेव्हा मला ती औषधच वाटली होती. लग्न होऊन विचुंब्याला आले, नव्या बिल्डिंगमध्ये टाइल्सचं बाथरूम मिळालं, तरी डबी होती तिथेच, साबणाशेजारी. सकाळी एकदा, दुपारी जेवल्यावर एकदा, कधी संध्याकाळीही.

मी जेवणाचे डबे करून देते. कळंबोलीच्या ऑफिसांत जातात. माझ्या कोलंबीच्या कालवणाला नाव ठेवून दाखवा! चव बघताना गालात आग होते आहे, हे मला त्या डब्यांमुळेच कळलं. आधी म्हटलं, मिरची तिखट आली. मग म्हटलं, दाढ लागत असेल. तोंडात एक चट्टा होता, तो काही जाईना.

जवळच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, ‘तंबाखू, गुटखा काही?’ मी म्हटलं, ‘शी! आमच्या घरात कुणी शिवत नाही.’ त्यांनी टोकदार दाढ घासून दिली, मलम दिलं, आणि भरलं नाही तर नक्की परत या म्हणाले. मी परत गेले म्हणून आज लिहिते आहे. तेव्हा त्यांनी आरशाने आत बघितलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. डॉक्टर गप्प झाला की पेशंटच्या तोंडचं पाणी पळतं. माझं तर अक्षरशः पळालं, जीभ टाळ्याला चिकटली.

तिथून पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात. बायॉप्सी झाली. बायॉप्सी म्हणजे चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवणे. सुईने गाल बधिर करतात, काढताना दुखत नाही. दुखतं ते नंतर, रिपोर्ट येईपर्यंत.

ज्या वेटिंग हॉलमध्ये आम्ही बसायचो, तिथल्या भिंतीवर मोठं पोस्टर होतं. सडलेल्या जबड्याचा फोटो, खाली लाल अक्षरांत इशारा. मी पहिल्या दिवशी एकदा बघितलं आणि मग रोज त्याच्याकडे पाठ करून बसायची. बाकीचेही तसेच बसायचे. सगळा हॉल पोस्टरकडे पाठ करून! फोटोत मिशीवाला बाप्या, हातात गुटख्याची पुडी. बाई नाही, डबी नाही, मोरी नाही. ते पोस्टर मी दहा वेळा वाचलं असतं तरी मला वाटलं असतं, अरे देवा, बिचारा.

रिपोर्ट आल्यावर माहिती देणाऱ्यांचा पूर आला. बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणी पपईच्या पानांचा रस पाठवला, कुणी साखर सोडा म्हणालं. एका बाईने व्हॉइस मेसेज केला, ‘चाकू लावू नका हो, चाकू लागला की पसरतो.’ त्या मेसेजने मला पार झोडपलं. ऑपरेशन करू की नको, ह्याच भीतीने मी भात गिळायचं सोडलं. हे म्हणाले, ‘ग्रुपवाल्यांना विचारून गाल घेतला होता का तू? डॉक्टरना विचारू.’

मॅडमना विचारलं. त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, ‘पसरतो तो आपण थांबून राहिल्यामुळे. लोक शेवटी शेवटी ऑपरेशनला येतात, म्हणून त्यांना वाटतं चाकूमुळे झालं.’ मग माझ्याच तळहातावर बोटाने काढून दाखवलं. गाठ इथे, तिच्याभोवती चांगल्या मांसाची थोडी कड घेऊन सगळं काढणार. ह्याला वाइड एक्सिजन म्हणतात. मानेतल्या गाठीही काढणार, कारण आजार आधी तिकडे जातो. मांडीची कातडी आणून गालाच्या आतून लावणार.

‘मी बोलेन का?’

‘बोलाल. सुरुवातीला लोकांना कळायला वेळ लागेल.’

‘आणि चव?’

‘जीभ शाबूत राहील. प्रयत्न तोच आहे.’

प्रयत्न. हा एक शब्द घेऊन मी घरी आले. भीती कशी असते सांगू? ती रडवत नाही. ती कामं करायला लावते. मी मसाले दळून आणले, डबे घासले, आणि मोबाइलवर ओळखीच्या बायकांचे हसरे फोटो बघत बसले. माझं तोंड वाकडं झालं तर हे माझ्याकडे बघतील का, असलं काहीबाही मनात यायचं.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी होती. राइल्स ट्यूब म्हणतात तिला, नाकातून थेट पोटात जाते, तिच्यातून दूध, सूप, पेज. बोलता येत नव्हतं. माझी बहीण प्रमिला जासईहून आली होती. माझ्याहून लहान, तोंडाने फटकळ, कुणाच्या बापाला न भिणारी. माझं सुजलेलं तोंड बघितलं आणि ती दाराच्या बाहेर जाऊन भिंतीला टेकली. आत आली तेव्हा म्हणाली, ‘ताय, तू गप बसलीस ना, मना लय भ्या वाटतं ग.’

मानेतल्या गाठींमध्ये आजार गेला नव्हता. कडाही स्वच्छ होत्या. मॅडम म्हणाल्या, रेडिएशन, म्हणजे किरणांचे शेक, सध्या लागणार नाहीत. मी हात जोडले. तेवढंच येत होतं तेव्हा.

नंतर तोंड उघडेना. आतला व्रण भरताना आवळतो, त्याला ट्रिसमस म्हणतात, दातखीळ बसल्यासारखं होतं. त्याला व्यायाम एकच. आइस्क्रीमच्या लाकडी पट्ट्या दातांत धरायच्या आणि एकेक वाढवत जायच्या. डोळ्यांत पाणी यायचं. हे समोर बसून पट्टी पुढे करायचे आणि म्हणायचे, ‘अजून एक. मग कालवण.’ पहिला घास पेजेचा होता. मीठ कमी होतं, आणि ते मला कळलं! मी रडलेच.

ह्याच दिवसांत हॉस्पिटलच्या कीर्तीने मला गाठलं. कॅन्सरबद्दलची माहिती लोकांपर्यंत नेणं हे तिचं काम. तिने भोळेपणाने विचारलं, ‘काकू, आमच्या पोस्टरवरून तुम्हाला काय समजलं?’ माझी जीभ अजून नीट वळत नव्हती, तरी मी तिला सोडलं नाही. म्हटलं, ‘पाठ करून बसायला समजलं.’ ती खजील झाली नाही, खुर्ची ओढून बसली. म्हणाली, ‘मशेरीने काय होतं ते संशोधकांना कधीचं माहीत आहे. आम्हीच ते मोरीपर्यंत नेलं नाही. तुम्ही याल का माझ्यासोबत?’

कुठे जायचं हे मीच ठरवलं. जासईला, गावदेवीच्या देवळात. दुपारची वेळ, बाहेर कंटेनरचे ट्रेलर धडधडत होते, आत चाळीसेक बायका. कीर्ती पोस्टर लावायला लागली, मी म्हटलं, राहू दे. विचारलं, ‘तंबाखू कोण कोण खातं?’

‘नाय ग बाय! आमी नाय,’ सगळ्या एका सुरात. मागून एक आजी म्हणाली, ‘ते बाप्यांची कामं.’

‘मग दात कशाने घासता?’

थोडं हसू आलं. मग ते विझलं, कारण मी माझा पदर मानेवरच्या वणावरून बाजूला केला होता. वाकड्या तोंडाने, अडखळत, मी सगळं सांगितलं. त्या आजी हळूच म्हणाल्या, ‘पन ती भाजलेली असते ना गो?’ मी म्हटलं, ‘आज्जे, मी पण हेच म्हटलं होतं.’

मग आमच्यासोबत आलेल्या डॉक्टर मॅडमनी टॉर्च घेतली आणि एकेकीचं तोंड बघायला सुरुवात केली. प्रमिला रांगेत येतच नव्हती, मीच दंडाला धरून आणली. ‘मना काय झालंय? मिरची खाते मी, काय होत नाय,’ ती कुरकुरत बसली.

मॅडमची टॉर्च तिच्या डाव्या गालावर गेली आणि तिथेच थांबली.

ती शांतता मी ओळखते. स्वतःच्या वेळी एवढी घाबरले नव्हते.

‘ल्युकोप्लेकिया आहे,’ मॅडम म्हणाल्या. म्हणजे न पुसला जाणारा पांढरा चट्टा. तो कॅन्सर नव्हे, पण पुढे होऊ शकतो. ‘तुकडा तपासू. मशेरी आजपासून बंद.’

प्रमिलाने माझ्याकडे बघितलं. ‘ताय, माझा पन गाल कापतील?’ मला खोटं बोलता आलं नाही. मी तिचा हात धरून बसले.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. पेशी बदलायला लागल्या होत्या, तेवढा चट्टा काढला, टाके घातले, त्याच दिवशी घरी. पण मशेरी सोडणं म्हणजे खेळ नव्हे. तिचं पोट साफ होईना, डोकं धरायचं, घरात सगळ्यांवर खेकसायची. म्हणून आमचं ठरलं. मी डबे भरते तेव्हा तिने रोज फोन करायचा आणि सांगायचं, ‘आज पन नाय लावली.’

मी अजून घाबरते. तपासणीचा दिवस जवळ आला की घास उतरत नाही. दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकूनच पिणार. तुमच्या मोरीत डबी असेल तर आज आरशासमोर उभं राहून गाल ओढून बघा. चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर दाखवा. भीती वाटली तरी दाखवा, भीत भीतच मीही गेले होते.

परवा प्रमिलाचा फोन आला नाही. डबे भरून झाले, रिक्षावाला येऊन गेला, तरी नाही. परत मशेरी लावायला लागली बहुतेक, नाहीतर गालात काहीतरी उठलं असेल. मीच फोन लावला. रिंग वाजत राहिली. शेवटी उचलला, आणि पलीकडून नुसतं बोबडं बोबडं, एक शब्द धड कळेना. अगदी माझ्यासारखं. मी ओरडले, ‘प्रमे! काय झालं गालाला?’

पचकन थुंकल्याचा आवाज आला. ‘अगो, तोंडात फेस हाय! बरश करते मी, जरा थांबशील का नाय?’

मी ओट्याला टेकून खाली बसले. ‘घास बाय,’ मी म्हटलं, ‘सावकाश घास.’