पांढरा पास्ता बंद

बारकी हे नाव तिला भावाने ठेवलं, तेव्हा ती चार वर्षांची होती आणि खरोखरच काडीसारखी होती. पुढे ती अंगाने चांगली भरली, लग्न झालं, नवरा गेला, केस पिकले, लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलामागे उभं राहून बावीस वर्षं झाली, तरी घरात तिचं नाव बारकीच राहिलं.

आई गेली तेव्हा दादा चौदा वर्षांचा होता. वडील कामासाठी महिना महिना बाहेर. पोराने एकच पदार्थ शिकून घेतला. एका पातेल्यात पास्ता उकडायचा, दुसऱ्यात टोमॅटो आणि लसूण परतायचा, दोन्ही एकत्र करायचं आणि असेल तर वरून चीज किसायचं. बारकी त्या पास्त्यावर वाढली. सकाळी तोच, संध्याकाळी तोच. शाळेत कुणी विचारलं, तुझ्या घरी आज काय केलं, तर ती ठसक्यात सांगायची, "दादाचा पास्ता." जणू त्या नावाचा वेगळा पदार्थच असावा.

दादा लिफ्टची दुरुस्ती करणारा झाला. लग्न बघू बघू म्हणता राहून गेलं. नवरा गेल्यावर बारकी परत त्याच्याकडे राहायला आली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. "जन्मभर लोकांना वर पोचवलं, आपल्या नशिबी जिना," असं तो प्रत्येक पाहुण्याला एकदा तरी ऐकवायचा. पाहुणे हसायचे. बारकी हसायची नाही, तिने ते शंभरदा ऐकलेलं होतं.

सहासष्टाव्या वर्षी त्याला साखर निघाली. सारखी तहान लागते म्हणून तपासलं आणि आकडा भलताच आला. "आमच्या घराण्यात कुणालाच नव्हती हो," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला, जणू त्यांची काहीतरी चूक होत असावी. त्या म्हणाल्या, "वजन थोडं कमी करा. मैदा, साखर, पांढरा पास्ता बंद. तीन महिन्यांनी या."

दादाने ते एका कानाने ऐकलं. बारकीने दोन्ही कानांनी ऐकलं.

एखादी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली की ती हात धुऊन मागे लागायची. घरातली पास्त्याची सगळी पाकिटं तिने शेजारणीला देऊन टाकली. लाँड्रीतल्या काउंटरवरच्या मुलीने मोबाईलवर शोधून तिला एक यादीच करून दिली आणि रोज संध्याकाळी बारकी पिशवीतून नवीन पाकीट घेऊन घरी यायला लागली.

पहिला आला कोंड्यासकट गव्हाचा. तपकिरी, राठ. दादाने एक घास बराच वेळ चावला. "पुठ्ठा चांगला शिजलाय," तो म्हणाला.

मग मसुरीच्या डाळीचा. रंग बघून दोघंही खूश झाली, पण बारकीने त्याला नेहमीच्या पास्त्याइतकाच वेळ दिला आणि पातेल्यात नुसता लगदा उरला. कपड्यांना लावायची खळ ती रोज बघायची, तशीच ही खळ, फक्त केशरी. हरभऱ्याच्या पास्त्याचा फेस उतू जाऊन शेगडी विझली. कसल्याशा कंदाचे पांढरे दोरे मिळाले, त्यांना इतका उग्र वास होता की चार पाण्यांनी धुवावे लागले, आणि खाल्ले तरी पोटात काही गेलंय असं वाटेना. झुकिनी नावाच्या काकडीसारख्या भाजीच्या लांब फिती तिने स्वतः सोलाण्याने काढल्या. अंगठ्याचं साल गेलं.

"बारके, अगं एखाद दिवस साधा..."

"साधा नाही. तुला बरं व्हायचंय की नाही?"

"मी आजारी कुठे आहे?"

"तेच तर. पडायच्या आधीच बघायला हवं."

तिचं चुकत होतं असंही नाही. हळूहळू तिचा हात बसला. डाळीचा पास्ता सहा मिनिटांत उतरवायचा, हरभऱ्याच्याला पातेलं मोठं घ्यायचं, फितींना मीठ लावून पाणी काढायचं, हे तिला कळलं. आणि मुख्य म्हणजे दादाचं वजन उतरायला लागलं. ब्याऐंशी किलोचे शहात्तर झाले. जिन्यात भेटणारे थांबून म्हणायचे, "वा, दहा वर्षांनी तरुण झालात की!" शेजारीण वही घेऊन कृती लिहून घ्यायला आली. प्रत्येक कौतुकासरशी बारकीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. जन्मभर लोकांच्या शर्टांवरच्या सुरकुत्या काढल्या, त्याबद्दल कुणी कधी शाबास म्हटलं नव्हतं. ही पहिलीच गोष्ट अशी, की जिच्यासाठी लोक तिला थांबवून विचारत होते.

तिने त्याच्या पँटी लाँड्रीत नेल्या. तिथे कोपऱ्यात मशीन घेऊन बसणारे एक म्हातारे टेलर होते, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. "कमरेत घ्या, दोन बोटं," ती ऐटीत म्हणाली. पाच आठवड्यांनी त्याच पँटी ती परत घेऊन आली. त्यानंतर महिन्याने पुन्हा.

तिसऱ्या वेळी मास्तरांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. "ताई, बोलू का? रागावू नका."

"बोला ना."

"पन्नास वर्षं मी लोकांची मापं घेतोय. खाणं कमी करून उतरलेली माणसं बघितलीत मी. त्यांचं पोट आधी जातं. यांची मागची बाजू गेलीय. परवा इथे आले होते तेव्हा बघितलं, पँट बसायच्या जागी लोंबतेय. एकदा नीट दाखवून घ्या."

बारकीला ते झोंबलं. "मास्तर, डॉक्टर कधी झालात?" असं म्हणून तिने पँटी उचलल्या आणि कमरेतल्या टिपा घरी स्वतःच हाताने घातल्या. मास्तरांशी ती त्यानंतर बोलेनाशी झाली. एकाच खोलीत दिवसभर काम, मध्ये फक्त वाफेचा पडदा, आणि तोंडाला कुलूप.

तीन महिन्यांनी ती त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, ती शाबासकी घ्यायलाच. वजन एकोणसत्तर भरलं. पण साखर खाली आली नव्हती, उलट वाढली होती. बाईंनी कागद दोनदा बघितला. "वजन एवढं उतरूनही साखर वाढते, हे मला बरोबर वाटत नाही. पोटाची एक तपासणी करून घ्या. चिठ्ठी देते. उशीर करू नका."

बाहेर पडल्या पडल्या बारकीने दादाकडे असं बघितलं की तो जागच्या जागी थांबला.

"काय झालं?"

"बाहेर खातोस ना? जुन्या मित्रांच्या ऑफिसात जाऊन बसतोस तिथे?"

"अगं, मला घरचंच जात नाही, बाहेरचं कुठे..."

"साखर काय हवेतून वाढते?"

त्या संध्याकाळी तिने त्याच्या कोटाचे खिसे उलटे केले. एक जुना छोटा पाना आणि रुमाल निघाला. तरी तिचा संशय गेला नाही. चिठ्ठी तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला चिकटवली. मनात म्हणाली, आधी महिनाभर याला नीट पथ्यावर ठेवते, मग आकडा खाली आला की तपासणीची गरजच पडणार नाही. चिठ्ठी तिथेच राहिली. रोज पाकीट काढताना ती तिच्या नजरेसमोर यायची, आणि रोज तिला वाटायचं, आपण करतोय तो उपायच आहे.

दादाचं जेवण कमी कमी होत गेलं. दोन घास खायचा आणि काटा ताटात आडवा ठेवायचा. पाठ दुखते म्हणायचा, तिने गादी बदलली. अंगाला खाज सुटते म्हणायला लागला, तेव्हा तिने साबण बदलला, त्याचे कपडे वेगळे धुतले, तीन पाण्यांतून काढले. तिच्या धंद्यातली अक्कल तिने सगळी लावली.

एका रविवारी दुपारी तिने सगळ्यात चांगला जमलेला हरभऱ्याचा पास्ता समोर ठेवला. त्याने ताट बोटभर पुढे सरकवलं.

"नको गं."

"मी सकाळपासून उभी आहे."

"नाही जात."

"जात नाही की मुद्दाम जाऊ देत नाहीस? लहान पोरासारखी नाटकं! खायचं तर खा, नाहीतर राहा उपाशी."

दादाने ताट पुन्हा जवळ ओढलं आणि अर्धं संपवलं. मग मोरीत जाऊन सगळं ओकला. नळ सोडून ठेवला होता त्याने, पण आवाज आलाच. बारकी बाहेर टेबलाशी बसून राहिली. तिला वाटलं, मुद्दाम करतोय.

दुसऱ्या दिवशी तिने त्याचा बनियन धुवायला घेतला. गळ्याशी आणि काखेत पिवळसर डाग. डागांच्या बाबतीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घामाचा डाग, तेलाचा, गंजाचा, शाईचा, ती नुसत्या नजरेने सांगायची. हा कशातच बसेना. ती बनियन हातात घेऊन बाहेर आली, "हे काय सांडलंस?" असं विचारायला. दादा खिडकीशी उन्हात बसला होता. त्याने मान वळवली. डोळ्यांतला पांढरा भाग लिंबाच्या सालीसारखा पिवळा झाला होता.

कधीपासून होता तो? तिने चार दिवसांत त्याच्या डोळ्यांकडे बघितलंच नव्हतं. ताटाकडे बघत होती.

इस्पितळात त्याला त्याच दिवशी ठेवून घेतलं. तपासण्या झाल्या. तिसऱ्या दिवशी एका उंच, थकलेल्या डॉक्टरांनी बारकीला छोट्या खोलीत बसवलं. स्वादुपिंडात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती.

"वजन कधीपासून उतरतंय?"

"पाच महिने," ती म्हणाली. "पण ते मी उतरवलं. पथ्यावर ठेवलं होतं त्यांना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या पथ्याने दोन-तीन किलो गेले असतील. बाकीचं या आजाराने नेलं. म्हातारपणी अचानक साखर होते ना, कधी कधी तीही यामुळेच असते."

"म्हणजे मी दिलं त्याने काहीच झालं नाही?"

"चांगलंही नाही आणि वाईटही फारसं नाही."

"आणि चिठ्ठी दिली होती... दोन महिन्यांपूर्वी. तेव्हा आणलं असतं तर?"

"या आजारात दोन महिने आधी आणून जीव वाचला असता असं मी सांगणार नाही," ते म्हणाले. "पण त्रास कमी करता आला असता. तेवढं नक्की."

तेवढं नक्की. ते दोन शब्द घेऊन ती जिना उतरली.

दादा घरी आला. पित्ताची वाट मोकळी करायला नळी घातली होती, त्यामुळे पिवळेपणा ओसरला, खाज थांबली. आता पथ्य कसलंच नव्हतं, मागेल ते द्या, असं सांगितलं होतं. बारकीने धावत जाऊन साधा पांढरा पास्ता आणला, टोमॅटो-लसूण केला, चीज किसलं, अगदी त्याच्या पद्धतीने. त्याने वास घेतला आणि मान फिरवली. वासच सोसेना.

"काय करू मग? सांग ना."

"ती खळ कर," तो म्हणाला. "डाळीची. पहिल्यांदा बिघडली होती तशी."

"ती? ती तर तू तोंडातही घेतली नव्हतीस."

"तेव्हा दात होते मला," तो हसला. दात अजूनही होतेच, चावायची ताकद नव्हती.

मग ती मुद्दाम जास्त वेळ शिजवून तो पास्ता लगदा करायला लागली, मीठ घालून, कोमट. दिवसाला चार चमचे जायचे. कधी दोन. चमचा ती भरवायची आणि तो तोंड उघडायचा.

एका दुपारी चमचा भरता भरता तिने विचारलं, "तुला आधीपासून बरं वाटत नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मग बोलला का नाहीस? ओरडायचंस माझ्यावर. ताट फेकायचंस!"

दादाने चमचा हाताने बाजूला केला. "तू इतकी खुशीत होतीस, बारके. पाकिटं आणायचीस, वाचून दाखवायचीस. तुझा नवरा गेल्यापासून तुला असं बघितलंच नव्हतं. म्हटलं, चाललंय तर चालू दे."

तिला रडू यायला हवं होतं. आला राग. "तुला कुणी सांगितलं होतं मला खूश ठेवायला?" ती ओरडली. "चौदा वर्षांचा होतास तेव्हापासून हेच! कुणी सांगितलं होतं?"

थोड्या वेळाने त्याने तोंड उघडलं, चमच्यासाठी. तिने तो भरवला.

इस्पितळातून आल्यावर तो सात आठवडे जगला. शेवटचे दहा दिवस औषधाच्या गुंगीतच गेले. एका सकाळी बारकी पडदा बाजूला करायला गेली आणि मागे वळली तोवर श्वास थांबला होता. जुन्या कंपनीतले सहाजण आले. त्यांनीच त्याला त्या अरुंद जिन्यावरून खाली नेलं, वळणावळणावर थांबत, एकमेकांना "जरा डावीकडे, सांभाळून" असं हळू आवाजात सांगत.

पाचव्या दिवशी ती कामावर गेली. मास्तर मशीनवरून उठून तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "तुमचं बरोबर होतं," बारकी म्हणाली. मास्तरांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नकाराची, हे तिला कळलं नाही. मग समोर शर्टांचा ढीग होता तो तिने ओढून घेतला.

दादावरचा तिचा राग गेला नाही. स्वतःवरचाही नाही. हे दोन्ही राग घेऊन ती पुढे बरीच वर्षं त्या दोन खोल्यांत राहिली. कुणी भेटलं आणि विचारलं की भाऊ कशाने गेला, तर आजाराचं नाव सांगून थांबायची नाही. "मी त्याला बारीक करत होते," असंही सांगायची. लोक म्हणायचे, "तुमचा काय दोष?" ती पिशवी उचलून चालायला लागायची.