डावीकडचा फाटा

कंडक्टरने दोनदा घंटी दिली की बाकीचे ड्रायव्हर गाडी सोडतात. आमचे ड्रायव्हरमामा सोडायचे नाहीत. ते स्टिअरिंगवरून पुढे वाकायचे, मान डावीकडे वळवून दाराबाहेर बघायचे आणि खणखणीत आवाजात विचारायचे, "डावीकडं कोन ऱ्हायलं का?"

कंडक्टर चिडायचा. "मामा, घंटी दिली ना! आता काय पत्रिका धाडू?"

"तू आत बघून घंटी देतोस. मी भाईर बघायलोय."

तुम्हीही एसटीने फिरलेले आहात, तेव्हा वेगळं सांगायला नको. गाडीचं दार डावीकडे, थांबे डावीकडे, रस्त्याकडेला हात करून उभी असलेली माणसंही डावीकडेच. ड्रायव्हर बसतो उजवीकडे. इतक्या लांबून मामांना नेमकी धावत येणारी म्हातारी दिसायची, चप्पल तुटलेला माणूस दिसायचा, आणि मी दिसायचो.

आमचं गाव गंगाखेड–परभणी रस्त्यापासून आत होतं. फाट्यावर एक बाभळ होती, तिच्याखाली मी उभा राहायचो. उभा कसला, बहुतेक वेळा धावतच यायचो. घरात म्हशीची धार मीच काढायचो, आणि म्हशीला कॉलेजच्या वेळापत्रकाशी काही देणंघेणं नव्हतं. बांधावरून पळताना मला गाडी उभी दिसायची आणि आतल्या लोकांचा गलका ऐकू यायचा.

"ओ मामा, जावई हाय का तुमचा?"

"जावई न्हाई, कालेज हाय. बसा गुमान."

तेव्हापासून माझं नाव 'कालेज' पडलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडिलांना माझे विषयही सांगता यायचे नाहीत. मामा मात्र रोज विचारायचे, "काय कालेज, आज काय शिकवनारेत?" मी म्हणायचो, प्रकाशाचं परावर्तन. ते आरशाकडे बोट करून म्हणायचे, "हे व्हय? हे तर आमी रोज करायलोय."

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. कधी रस्ता बंद, कधी कॉलेज बंद. एका सकाळी परभणीच्या अलीकडे समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने हात दाखवून सांगितलं, स्टँडवर दगडफेक चालू आहे. बरेच लोक तिथेच उतरले. माझं प्रॅक्टिकल होतं. मामांनी मला केबिनमध्ये आपल्या पाठीमागे खाली बसवलं, "डोकं वर काढू नको" म्हणाले, आणि गाडी स्टँडवर न नेता कॉलेजच्या मागच्या गल्लीत घातली. त्या गल्लीत त्याआधी एसटी कधी शिरली नसेल. फाटकापाशी जाऊन बघतो तर कुलूप. कॉलेज बंद! मी रडकुंडीला आलो. मामा पोट धरून हसले. "चल माघारी. तिकीट काढू नको, शिकलासच कुठं आज?"

बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा आईनंतर पहिला पेढा मी त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो समोरच्या काचेपाशी लावलेल्या नरसिंहाच्या फोटोपुढे ठेवला, नरसिंहाचं पोखर्णी गाव येईपर्यंत तसाच ठेवला, आणि मग खाल्ला.

पुढे मला गंगाखेडला शाळेत विज्ञानशिक्षकाची नोकरी लागली आणि योगायोगाने खोली मिळाली ती मामांच्या घरामागेच. लग्न झालं, मुलं झाली. मी 'सर' झालो, पण मामांसाठी कालेजच राहिलो.

एका सकाळी ड्यूटीवर निघताना मामांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. परभणीच्या दवाखान्यात बरेच दिवस होते. माणूस चिवट. आधी बोलणं सुधारलं, मग पाय, मग हाताची पकडही आली. ते गल्लीतून चालत आले त्या दिवशी मामींनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि गल्लीने सुटकेचा निःश्वास टाकला.

मग छोट्या छोट्या गमती सुरू झाल्या. तेव्हा त्या आम्हाला गमतीच वाटायच्या.

मामा जेवायला बसले की ताटाची उजवी बाजू चाटूनपुसून खायचे आणि ओरडायचे, "भाजी कामून केली न्हाई आज?" भाजी ताटात डावीकडे तशीच असायची. मामी ताट फिरवायच्या. "हां, आता आली!" दाढी करायचे ती उजव्या गालाची. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा, तर चौकटीलाच रागवायचे, "हिला कुनी सरकिवली?" गल्ली हसायची. मीही हसायचो. मी विज्ञान शिकवत होतो, तरीही हसायचो.

मामांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, परत स्टिअरिंग धरायचं. डेपोतून तपासणीचा निरोप येणार होता. डॉक्टरांनी ठीक म्हटलं की झालं. "मी घरी बसून मरायचो न्हाई, कालेज. मला गाडी पायजे."

त्याच सुमारास माझ्या मेव्हण्याने मुंबईहून टीव्हीला जोडायचा एक खेळ आणला. त्यात एक इवलीशी मोटार होती. पडद्यावर गावासारखे रस्ते, चौक, बोळ, आणि जागोजाग निशाणं. मोटार फिरवून सगळी निशाणं गोळा करायची. मामा संध्याकाळी बातम्या बघायला आमच्याकडे यायचे. त्यांनी ते पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"ह्यात गाडी हाय? आन इकडं. सवय तरी ऱ्हाईल." डाव्या हाताने ते बाजूला चाचपडले. "गिअर कुठाय?"

"गिअर नाही, मामा. बटणं दाबा."

"बिनगिअरची गाडी! बायकांना बरी."

माझी बायको आतून म्हणाली, "मग जमंल की तुमाला."

मामा हसले आणि गाडी सोडली. पहिल्या चौकात उजवीकडे वळली. दुसऱ्या चौकात उजवीकडे. पुन्हा उजवीकडे, आणि जिथून निघाली तिथेच आली. मामांनी पुन्हा तीच फेरी मारली. उजवीकडची निशाणं संपली तेव्हा त्यांनी बटणं खाली ठेवली. "झालं गाव."

"मामा, डावीकडं निशाणं राहिलीत अजून."

"कुठं? तिकडं रस्ताच न्हाई."

मी उठून पडद्यावर बोट ठेवलं. बोटाच्या मागे मागे त्यांची नजर हळूहळू सरकली. "अगं बया! हे आत्ता आलं का?" त्यांनी ते निशाण घेतलं, आणि पुढच्या चौकात पुन्हा उजवीकडेच वळले.

मी स्वतःची समजूत घातली की यंत्र नवीन आहे, नजर बसलेली नाही. पण आठवडाभर तेच. गावाच्या अर्ध्या भागात मामांची मोटार एकदाही गेली नाही, आणि आपलं काही चुकतंय असं त्यांना एकदाही वाटलं नाही. शेवटी त्यांचं मन राहावं म्हणून मी खेळ बंद केला आणि म्हटलं, "मामा, हे पोरखेळ राहू द्या. डोळे मिटा आणि आपली खरी गाडी काढा. गंगाखेडहून परभणी."

मामा खूश झाले. ताठ बसले, डोळे मिटले, दोन्ही हात स्टिअरिंगवर असल्यासारखे धरले.

"स्टँड सुटला. पूल. गोदावरीला पानी कमी हाय. पूल सपला. म्हसोबाचा दगड. वीटभट्टी. चिंचांची रांग, हितं दमानं, ऊन-सावली व्हते. रेल्वेचं फाटक. पडकी विहीर. कापसाच्या जिनिंगचा लोखंडी दरवाजा. आली परभनी." मग जरा थांबून म्हणाले, "आज हात करनारं कुनीच दिसंना. रस्ता बिलकुल मोकळा."

मला काहीतरी खटकलं, पण काय ते लगेच कळलं नाही. त्या रस्त्याने मी वर्षानुवर्षं गेलो होतो. म्हसोबा, वीटभट्टी, चिंचा, विहीर, जिनिंग हे सगळं परभणीला जाताना उजव्या हाताला. आमचा फाटा, ती बाभळ डाव्या हाताला. मामांनी ती वगळली होती. ज्या जागी त्यांनी माझ्यासाठी गाडी उभी केली, ती जागा रस्त्यावर नव्हतीच.

"आता माघारी या," मी म्हटलं.

"परभनी सुटली. गुऱ्हाळ. शाळेची कौलं. पानपोई. फाटक. आन हा फाटा आला, बाभळीचा. हितं एक वाळकं पोरगं उभं ऱ्हायचं वह्या छातीशी धरून. त्याला घेतल्याबिगर गाडी हालायची न्हाई माझी." त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून खदखदून हसले. "तूच की रं ते!"

मीही हसलो. येताना फाटा उजवीकडे पडतो, म्हणून मी त्यांना दिसलो होतो. मात्र परतीच्या रस्त्यावर चिंचा नव्हत्या, विहीर नव्हती, म्हसोबाही नव्हता. डोळ्यांचा दोष असता तर डोळे मिटल्यावर रस्ता पुरा दिसला असता.

तपासणीला मामांनी मलाच बरोबर नेलं. "डॉक्टर विंग्रजीत बोलला तर तू हायेस." मामींनी त्यांचा डावा गाल घोटून दिला होता. कडक इस्त्रीचा खाकी शर्ट. डॉक्टरांनी हात दाबायला सांगितला, मामांनी असा दाबला की डॉक्टरच 'पुरे' म्हणाले. चालून दाखवलं. भिंतीवरच्या तक्त्यावर डॉक्टर पट्टीने एकेक अक्षर दाखवत गेले, मामा वाचत गेले. "छान. तब्येत कमावलीत तुम्ही," असं म्हणत डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं.

मी म्हणालो, "मामा, साहेबांना रस्ता सांगा ना. गंगाखेड ते परभणी. त्या दिवशी सांगितलात तसा."

मामांना वाटलं, मी त्यांचा मोठेपणा वाढवतोय. त्यांनी आनंदाने डोळे मिटले. स्टँड, पूल, म्हसोबा, वीटभट्टी. आवाजात नुसता रुबाब होता. मग मी म्हटलं, "आता माघारी." तेही त्यांनी सांगितलं, बाभळीखालच्या पोराला घेऊन, हसत. डॉक्टर कौतुकाने ऐकत होते. त्यांना काही कळलं नव्हतं. मी गप्प राहिलो असतो तर सही झाली असती. मी डॉक्टरांच्या कानाशी वाकून हळूच म्हणालो, "साहेब, जातानाही आणि येतानाही यांनी फक्त उजवी बाजू सांगितली."

डॉक्टरांनी टोपण परत लावलं. त्यांनी मामांच्या दोन्ही बाजूंना एकदम बोटं हलवली. मामांना उजवं बोट दिसलं. मग त्यांना बाहेर बसायला सांगून डॉक्टर मला म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत. मेंदूच्या लेखी डावी बाजूच उरलेली नाही. आणि ती उरलेली नाही, हेही त्यांना कळत नाही. बरं झालं तुम्ही बोललात."

परतीच्या गाडीत मामा प्रवाशांच्या सीटवर बसले होते. म्हणाले, "एकबी खूण चुकलो न्हाई मी. व्हय ना, कालेज?"

"नाही चुकलात, मामा."

"मंग कामून न्हाई म्हनला त्यो?"

नंतर मामींना मी सगळं सांगितलं. मामांना सांगायचं धाडस झालं नाही. तो डॉक्टर डेपोतल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून वागला, असंच ते शेवटपर्यंत धरून चालले, आणि आपल्या बाजूने एकटा कालेज उभा होता असंही.

बायको म्हणते, तुम्ही कितीतरी जीव वाचवलेत. खरंच असेल. पण ती माणसं मला कधी भेटली नाहीत. मामा रोज भेटायचे.

ते आता दिवसभर घरापुढच्या ओट्यावर बसून असायचे. आमच्या घराकडून मोठ्या रस्त्याला जायला ओट्याच्या दोन्ही अंगांनी वाट होती. मामांच्या उजवीकडून गल्ली, डावीकडून अरुंद बोळ. मी आधी गल्लीतून जायचो. "काय कालेज, आज काय शिकवनारेस?" ही हाक चुकायची नाही. त्या तपासणीनंतर मी बोळातून जायला लागलो. ओट्याला जवळजवळ खेटून जायचो, आणि मामांना दिसायचो नाही. संध्याकाळी बातम्यांना ते यायचे, तेव्हा मी नीट बोलायचो, चहा द्यायचो. पण सकाळी शाळेत जाताना ती हाक मला नको असायची. असं मी बरेच महिने केलं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही अशी माझी समजूत होती.

पुढच्या थंडीत मामांच्या अंगावरून पुन्हा वारं गेलं आणि या वेळी ते उठले नाहीत. दहाव्यानंतर मी मामींजवळ बसलो होतो. मामी म्हणाल्या, "सकाळी तुझ्या चपलांचा आवाज आला का म्हनायचे, कालेज चाललंय. उजवीकडं बघायचे. दिसला न्हाईस की म्हनायचे, पळालं वाटतं, शाळा भरली आसंल."

मला एक सकाळ आठवली. मामींना ती माहीत नाही. बोळातून निघालो होतो आणि माझ्या हातातली प्रयोगशाळेची चंचुपात्रं एकमेकांवर आपटून किणकिणली. मी जागच्या जागी थांबलो. मामा ओट्यावर माझ्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांनी मान उजवीकडे वळवली, गल्लीकडे. गल्ली रिकामी होती. त्यांनी उजवा हात उंच केला, गाडीला हात करतात तसा, आणि रिकाम्या गल्लीकडे बघत म्हणाले, "ए कालेज, थांब की जरा."

शाळेची घंटा होत होती. मी चंचुपात्रं छातीशी घट्ट धरली, आवाज होणार नाही अशी, आणि त्यांच्या डाव्या बाजूने निघून गेलो. वळणावरून मागे पाहिलं, तर हात अजून वरच होता.