डबल बेल

घरी लाइन गेली की चालवायच्या बॅटरीच्या पेट्या मी रिसोडला विकतो. "काका, ही हजार वॅटची," असं मी म्हणायला आणि देवराव वानखडेंनी माझं बोलणं तोडायला एकच गाठ पडली.

"शेठ, सीटा नका सांगू. डिझेल सांगा!"

रिठदचे देवराव एसटीतले निवृत्त कंडक्टर. वॅट म्हणजे सीटा, आतला साठा म्हणजे डिझेल, असा त्यांचा हिशोब. "पन्नास सीटांची गाडी शिरपूरलेच बंद पडली, तं पाशिंजरनं काय करावं?" त्यांची पाशिंजर एकच, बायको शांताबाई. त्यांच्या नाकाला दिवसभर ऑक्सिजनच्या मशीनची नळी. लाइन गेली की मशीन बंद आणि बाईंचा जीव कासावीस.

माझा जोर हलक्या, चकचकीत, मोबाइलवर चालणाऱ्या पेटीवर. दुकानात तीच न खपता पडून होती, खोटं कशाला बोलू? देवराव मान हलवून गेले आणि दुसऱ्या दिवशी मशीन अन् शांताबाई दोघांनाही बसनं घेऊन आले, बाईंना वाटेपुरता दवाखान्यातला छोटा सिलिंडर लावून. सिलिंडर काढून नळी मशीनला लावली, मशीन पेटीला जोडलं, पेटी बंद ठेवली. "शांते, लाइन गेली. मी घरी नाई. चालू कर," म्हणाले आणि सरळ बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. काय माणूस आहे, मला रागच आला!

बाईंना वाचता येत नव्हतं. मोबाइल हातात घेऊन त्या नुसत्याच बावरल्या. दम लागला, तशी मीच धावत जाऊन पेटी सुरू केली.

दुसरी पेटी कंबर धरेल इतकी जड, पण डिझेल भरपूर. वर फक्त दोन बटणं. "दोन घंट्या देल्या का गाडी सुटते," एवढं सांगून देवराव पुन्हा बाहेर. बाईंनी दोन्ही बटणं दाबली. मशीन घरघरलं, तेव्हा कुठे ते मागे वळले. "हेच द्या."

"अहो, पण कुठे न्यायची म्हटली तर?"

"पेटीले कुठं जायचं हाये? जायचं तं मले हाये."

मला वाटलं, रिठदच्या बसचं म्हणताहेत.

चार महिन्यांनी देवराव हार्ट अटॅकनं गेले. हृदयाचं दुखणं जुनंच होतं, हे मला तेव्हा कळलं. भेटायला गेलो, तर भरदुपारी लाइन गेली. मी घाईनं उठलो. शांताबाईंनी हातानंच मला बसवलं, "टिंग टिंग" म्हणत दोन्ही बटणं दाबली. मशीन सुरू झालं.

मग त्या दाराकडे बघत राहिल्या.

"आता नाई वळून पाहात ते," म्हणाल्या.