कठड्यावरचा हात

काकूच्या नावाने फोन वाजला तेव्हा मी चेन्नईत, अड्यारच्या ऑफिसात होते. काकू कधी फोन करत नाही. तिला फुप्फुसांचा जुना आजार आहे, बोलताना धाप लागते, दिवसाचा बराच वेळ ऑक्सिजनच्या मशीनची नळी नाकात असते. फोन करायचे ते काका. त्यामुळे माझ्या मनात आलं ते उलटंच... काका तिच्या फोनवरून बोलणार आणि काकू गेल्याचं सांगणार. पलीकडून काकूचाच आवाज आला, "मृणू, घरी ये. हे उठत नाहीयेत." गेली काही वर्षं आम्ही सगळेच, पुण्यातले माझे आईबाबासुद्धा, मनातल्या मनात काकूच्या जाण्याची तयारी करत होतो. दुपारी जेवून जरा आडवे झालेले काका कोणाच्याच हिशेबात नव्हते.

काका माझ्या बाबांचे मोठे भाऊ. तरुणपणी नोकरीसाठी चेन्नईला आले आणि संरक्षण खात्याच्या कारखान्यात इंजिनांच्या चाचणी विभागातच निवृत्त झाले. त्यांना मूलबाळ नाही. पुण्याला परतायचं दर वर्षी ठरायचं आणि काकूच्या डॉक्टरांमुळे राहून जायचं. मला इथे नोकरी लागली तेव्हा हॉस्टेल शोधण्याचा प्रश्नच आला नाही, मी त्यांच्या वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मी कमी बोलते, काकाही कमी बोलायचे. संध्याकाळी चहा घेताना ते मला एखादं यंत्र कसं चालतं ते सांगत आणि मी ऐकत असे. तब्येत, लग्न, घरची आठवण, असलं काही कोणी कोणाला विचारायचं नाही. मला ते फार सोयीचं वाटायचं.

आमच्या इमारतीचा जनरेटर तळघरात होता. एका वर्षीच्या पुरात तो बुडाला. पाणी ओसरल्यावर, दिवे लवकर यावेत म्हणून, कोणीतरी इंजिनात पाणी असतानाच बटण दाबलं. आतलं बरंच काही वाकलं आणि क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, मोडला. बटण कोणी दाबलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण सगळेच दाबायला उत्सुक होते. मग इमारतीच्या मागे उंच ओटा बांधला गेला आणि जुन्या जनरेटरला दुसरं इंजिन जोडायचं ठरलं. काका सोसायटीच्या कुठल्याही मीटिंगला जात नसत. त्या मीटिंगला गेले.

इंजिन नवं असलं की त्याला लाडात वाढवायचं नाही आणि पहिल्याच दिवशी ओझ्यालाही जुंपायचं नाही, असं ते म्हणत. रिकामं फिरवत ठेवलं तर आतले भाग एकमेकांवर नीट बसत नाहीत, मग ते जन्मभर तेल पितं. एकदम पूर्ण भार टाकला तर तापतं. म्हणजे सुरुवातीला मधला भार हवा. आता हा मधला भार आणायचा कुठून? रविवारी सकाळी काका दारोदार जाऊन लोकांना एसी लावायला सांगू लागले. एका मजल्यावर एसी, दुसऱ्यावर गीझर, आणि दोनपैकी एकच लिफ्ट. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं की एवढ्या थंडीत एसी कशाला. चेन्नईतली ती थंडी म्हणजे काय ते सांगायला नको. काका तमिळमध्ये गंभीरपणे म्हणाले, इंजिनासाठी. मुलं त्यांना 'जनरेटर ताता' म्हणायला लागली. ताता म्हणजे आजोबा. काकूला हे कळलं तेव्हा ती इतकी हसली की खोकल्याची उबळ आली.

क्रँकशाफ्ट का तुटतो हे त्यांनी मला काकूच्या केसांच्या एका पिनेने दाखवलं होतं. पिन सरळ केली, थोडी वाकवली, परत सरळ केली, परत वाकवली. दर वेळी अगदी थोडीच. बोलता बोलता ती त्यांच्या बोटांत मोडली. इंजिन आणि जनरेटर एका रेषेत नसतील किंवा पायाचा एखादा कोपरा सैल असेल, तर शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला असाच किंचित वाकतो, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून नव्या इंजिनाचे पायाचे बोल्ट थोडे दिवस चालल्यावर पुन्हा तपासायला हवेत. आमचं स्वयंपाकघर त्या ओट्याच्या बरोबर वर, दुसऱ्या मजल्यावर आहे. जनरेटर सुरू झाला की काका तिथल्या बाल्कनीत जाऊन लोखंडी कठड्यावर तळहात ठेवून इंजिनाची थरथर जोखत उभे राहत. काकू आतून विचारायची, "कसं आहे?" ते म्हणत, "आत्तापुरतं ठीक आहे." त्यावर तिचं ठरलेलं वाक्य असे, "माझी नाडी कधी एवढा वेळ धरली नाहीत हो." काका गालातल्या गालात हसत.

वादळ आलं तेव्हा बोल्ट तपासायला येणारा मेकॅनिक अजून आला नव्हता. रस्ते पाण्याखाली गेले, सकाळीच वीज गेली आणि इमारतीने सगळा भार त्या नव्या इंजिनावर टाकला. दोन्ही लिफ्ट, पंप, सगळं. जनरेटर असल्यामुळे आमच्याकडे कोणीच घरात इन्व्हर्टर घेतला नव्हता, काकूसाठी एक छोटा सिलेंडर तेवढा असायचा. दुपारी आभाळ संध्याकाळसारखं काळवंडलं होतं. काका बाल्कनीत जाऊन आले. पुन्हा गेले. तिसऱ्यांदा आत आले ते भिजलेला हात विजारीला पुसत, आणि मला म्हणाले, "सिलेंडर लाव. मी इंजिन बंद करतोय." काकू पलंगावर बसून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

मशीनची घरघर थांबली. मी सिलेंडर लावला आणि कळलं की तोंडाशी तो गळतोय. सूं... असा बारीक आवाज. ओल्या फडक्याने मी ती जागा दाबून धरली, तरी दाबाचा काटा डोळ्यांदेखत उतरत होता. काकूने डोळे मिटून घेतले होते. तिची नखं मी कधी निरखून पाहिली नव्हती, त्या दिवशी पाहिली. फडकं तिच्याच हातात देऊन मी जिने उतरत खाली धावले. काका रेनकोट घालून ओट्यावर चक्क आडवे झाले होते आणि सोसायटीचा इलेक्ट्रिशियन सेल्वम टॉर्च धरून होता. इंजिनाच्या एका पायाखालची लोखंडी पट्टी सरकली होती, तो पाय अधांतरी होता.

मी म्हणाले, "काका, चालू करा. काकूची नखं निळी पडतायत."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला नीट आठवतो, आणि अजून वाचता येत नाही. "अजून नाही," ते म्हणाले आणि पुन्हा पान्याकडे वळले.

परत वर चढताना मला काय वाटत होतं ते मी इथे लिहिणार नाही. काटा अगदी तळाशी आला असताना खाली इंजिन धडधडलं आणि मशीन सुरू झालं. काकू वाचली. पाणी ओसरल्यावर तिला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं, पण वाचली. वीज यायला पुढे बरेच दिवस लागले आणि तोवर तो जनरेटर एकदाही थांबला नाही.

नंतर मेकॅनिक आला. त्याने सगळं तपासलं आणि खांदे उडवून म्हणाला, "ओडीरुक्कुम सार." म्हणजे, तसंच ठेवलं असतं तरी चाललं असतं. काकांनी विचारलं, किती वेळ? तो म्हणाला, "सोल्ल मुडियादु." सांगता येत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी या दोन्हींतलं पहिलंच वाक्य लक्षात ठेवलं. मी दोन्ही ठेवली आहेत. शाफ्ट तुटला असता, तर त्या पाण्यात नवं इंजिन कुठून येणार होतं? आणि तुटलाच नसता, तर काकूने ते सगळं कशासाठी सोसलं? न तुटलेला शाफ्ट हातात धरून कोणालाच काही दाखवता येत नाही. काकांनी दाखवायचा प्रयत्नही केला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी घरी इन्व्हर्टर आणून बसवला, त्याबद्दल एक अक्षर न बोलता. कठड्यावर हात ठेवायला ते जात राहिले, काकू "कसं आहे?" विचारत राहिली. नाडीचं वाक्य मात्र त्यानंतर मी तिच्या तोंडून ऐकलं नाही.

काकांच्या शोकसभेत सेक्रेटरी म्हणाले की जनरेटर आजही चालतोय तो या माणसामुळे. घरी आल्यावर चप्पल काढता काढता, एकेक शब्द सुटा करत काकू म्हणाली, "बंद करू का म्हणून मला विचारलं असतं ना, तर मी हो म्हटलं असतं..." तिने श्वास घेतला. "विचारलं नाही."

मागच्या आठवड्यात वीज गेली. इन्व्हर्टरमुळे काकूचं मशीन क्षणभरही थांबलं नाही. खाली इंजिन सुरू झालं आणि मी, कोणी सांगितलं नसताना, बाल्कनीत जाऊन कठड्यावर तळहात टेकला. हाताला मुंग्या आल्यासारखं झालं. यातलं नेहमीचं किती आणि वेगळं किती, हे काकांना कसं कळायचं ते मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. आतून आवाज आला, "कसं आहे गं?"

काकांचं उत्तर माझ्या अगदी ओठांवर होतं. "मला नाही कळत, काकू," मी म्हणाले.

मग पावलं घासत येण्याचा आवाज झाला. नळी पुरेल तिथपर्यंत, दाराचा उंबरा ओलांडून, काकू बाल्कनीत आली. इतक्या वर्षांत जनरेटर चालू असताना मी तिला तिथे पाहिलं नव्हतं. तिने माझ्या हाताशेजारी आपला हात ठेवला आणि डोळे मिटले. मी सवयीने तिच्या नखांकडे पाहिलं.