एकाला दोन म्हणजे तीस

सूनबाई ओसरीवर बारावीच्या मुलींना गणित शिकवते. काल तिने फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला. उभी बाजू एक, तिरकी दोन. "आता बाजूंवरून मागे जाऊन कोन सांगा," म्हणाली.

"तीस अंश असेल," एक मुलगी पुटपुटली.

"असेल काय? वांगी घेतेस का बाजारात? तीसच आहे!"

मी सातवीत शाळा सोडली. साइन-बाइन मला कळत नाही. पण तीस अंश ऐकलं आणि मी जागचा उठलो. माझ्या बायकोला शेवटी घास गिळवत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, भरवताना डोकं तीस अंश वर हवं, नाहीतर घास श्वासात जाईल. मी तिच्या पाठीखाली दोन फुटी फळी घातली, उशाकडच्या टोकाखाली ठोकळा उभा केला. नुसत्या नजरेच्या अंदाजाने. ती गेल्यापासून तो अंदाजच मला खात होता.

खोलीत फळी-ठोकळा अजून तसेच होते; जाऊन टेपने मोजलं. फळी दोन फूट. ठोकळा एक फूट.

"सूनबाई, एकाला दोन म्हणजे नक्की तीस?"

"नक्की, बाबा. केसभर इकडेतिकडे नाही."

घडून गेलेल्यावरून मागे जायचं, हे म्हातारपणी सगळेच करतात, आणि बहुतेकांना तिथे आपली चूक सापडते. मला नाही सापडली. गेलेलं माणूस गणिताने परत येत नाही. पण मी तिला नीट भरवलं होतं. पलंगावर बसून मनसोक्त रडलो, आणि कितीतरी दिवसांनी सूनबाईकडे आपणहून भाकरी मागितली.